ऑनलाइन सीएमई-सीएनई संस्था निवडताना: पैसे भरण्याआधी काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

व्यवसायाच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली की वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सीएमई (डॉक्टरांचे निरंतर शिक्षण) आणि सीएनई (परिचारिकांचे निरंतर शिक्षण) यांच्या जाहिराती फिरू लागतात: ‘घरबसल्या क्रेडिट पॉइंट, सर्टिफिकेट लगेच, आज शेवटचा दिवस’. बहुतेक जण आधी पैसे भरतात, मग सर्टिफिकेट डाउनलोड करतात आणि नोंदणी करणाऱ्या कौन्सिलने ते मोजले नाही की मान्यतेची चौकशी सुरू करतात. हा क्रम नेमका उलटा आहे. कौन्सिलच्या खात्यावर तुमच्या नावापुढे काय नोंदले जाणार, तिथून सुरुवात करायची आणि जाहिरातीकडे सर्वांत शेवटी यायचे.

हा लेख मुख्यतः महाराष्ट्रात नोंदणी असलेले डॉक्टर, परिचारिका आणि फार्मासिस्ट यांच्यासाठी आहे. फिजिओथेरपिस्ट, दंतवैद्य, आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे डॉक्टर, लॅब टेक्निशियन यांची कौन्सिले वेगळी आणि नियमही वेगळे. तपासणीची पद्धत मात्र त्यांनाही जशीच्या तशी लागू पडते.

तयारी: आधी स्वतःची फाइल

कोर्स शोधायला बसण्याआधी या गोष्टी एका कागदावर लिहून काढा.

नोंदणी क्रमांक, प्रमाणपत्रावर छापलेला आहे तसाच. नर्सिंगमध्ये जीएनएम, बीएस्सी, एएनएम, मिडवाइफ अशा वेगवेगळ्या नोंदी असतात. पॉइंट कोणत्या क्रमांकावर चढवायचे हे तुम्हालाच सांगावे लागते.

नोंदणीवरील नाव. लग्नाआधीच्या नावाने नोंदणी आणि आधार कार्डावर सासरचे नाव, ही सर्वांत जास्त आढळणारी अडचण. कोर्ससाठी नाव नोंदवताना कौन्सिलच्या दप्तरी जे नाव आहे तेच, त्याच क्रमाने आणि त्याच इंग्रजी स्पेलिंगने टाका. नाव बदलायचे असेल तर आधी कौन्सिलकडे बदला, मग कोर्स करा.

नोंदणीशी जोडलेला मोबाइल आणि ईमेल. जुना नंबर बंद झाला असेल तर ओटीपी येणार नाही, आणि पोर्टलवर आपले पॉइंट किती झाले हेही पाहता येणार नाही.

वैधतेची तारीख. हिशेब जानेवारी ते डिसेंबर असा नसतो. प्रमाणपत्रावर १४ ऑगस्ट २०२७ ही शेवटची तारीख असेल, तर तुमची पाच वर्षे १५ ऑगस्ट २०२२ पासून सुरू झाली. जुलै २०२२ मध्ये केलेला कोर्स मागच्या हिशेबातला आहे.

आतापर्यंत जमा पॉइंट. हे पोर्टलवर पाहून लिहा, घरातल्या सर्टिफिकेटच्या गठ्ठ्यावरून नाही. दोन आकड्यांत फरक निघाला तर नवा कोर्स घेण्याआधी जुना फरक मिटवा. पुष्कळदा नवा कोर्स लागतच नाही.

तपासणी: वैधता संपायला सहा महिन्यांहून कमी राहिले असतील, तर कोर्स झाल्यावर पॉइंट चढायला लागणारा वेळही हिशेबात धरा. शेवटच्या महिन्यात केलेला अस्सल कोर्सही वेळेवर नोंदला जाईल याची खात्री नसते.

टप्पा १: आपल्याला कोणता नियम लागू आहे ते पाहा

डॉक्टरांसाठी २००२ च्या वैद्यकीय नीतिनियमांत पाच वर्षांत किमान ३० तास सीएमईची अट आहे आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल नूतनीकरणाच्या वेळी तिचा हिशेब पाहते. ‘२०२३ च्या नव्या नियमांप्रमाणे अनिवार्य’ असे सांगून कोर्स विकणाऱ्यांपासून जपा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे व्यावसायिक आचारनियम जाहीर केले होते हे खरे, पण त्याच महिन्यात ते स्थगितही केले.

परिचारिकांसाठी इंडियन नर्सिंग कौन्सिलने पाच वर्षांत १५० तास सीएनईचे प्रमाण ठरवले आहे. इथे गोंधळ होतो तो तास आणि पॉइंट यांत. जाहिरातीत ‘३०’ लिहिलेले असते. ते तास की पॉइंट, आणि एका पॉइंटला किती तास, हे राज्य कौन्सिलच्या चालू परिपत्रकातून पाहून घ्या. परिपत्रक कौन्सिलच्या संकेतस्थळावरूनच उतरवा. ग्रुपवर फॉरवर्ड झालेली पीडीएफ कितव्या वर्षाची आहे हे कुणी पाहत नाही.

फार्मासिस्टसाठी २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये पाच वर्षांत किमान दोन रिफ्रेशर कोर्स, प्रत्येकी किमान एक दिवसाचा, अशी अट आहे. इथे पॉइंट गोळा करण्यापेक्षा तो कोर्स राज्य कौन्सिलने स्वतः घेतलेला किंवा मान्य केलेला आहे का, एवढाच प्रश्न महत्त्वाचा.

कौन्सिलला विचारायचे प्रश्न तीन: ऑनलाइन कोर्सचे पॉइंट धरता का, धरत असाल तर एकूण पॉइंटपैकी किती ऑनलाइन चालतात, दुसऱ्या राज्याच्या कौन्सिलने मान्य केलेले पॉइंट चालतात का. सावंतवाडीत राहून गोव्यात नोकरी करणाऱ्या किंवा सोलापुरातून कर्नाटकात जाणाऱ्या मंडळींनी तिसरा प्रश्न विसरू नये. उत्तर ईमेलवर मागा. फोनवरच्या ‘हो, चालतं’ला पुढे कुणी बांधील नसते.

सावधान: लघुनावांचा घोळ अनेकांना महागात पडतो. एमएमसी म्हणजे डॉक्टरांचे कौन्सिल, एमएनसी म्हणजे परिचारिकांचे. ‘एनएमसी’ भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, तर ब्रिटनमध्ये परिचारिका व मिडवाइफ यांची नियामक संस्था. पोस्टरवर तीन अक्षरे दिसली की पूर्ण नाव शोधा.

टप्पा २: पॉइंट हवेत, कार्ड हवे, की इस्पितळाच्या फाइलसाठी नोंद?

या तीन गरजा वेगळ्या आहेत आणि एकच कोर्स तिन्ही भागवेल असे नाही.

कौन्सिलचे पॉइंट नूतनीकरणासाठी. बीएलएस, एसीएलएससारखे (जीव वाचवण्याच्या प्राथमिक आणि प्रगत प्रशिक्षणाचे) कार्ड नोकरीसाठी. जैववैद्यकीय कचरा, संसर्ग नियंत्रण, आगीपासून बचाव यांच्या प्रशिक्षणाची नोंद इस्पितळाच्या तपासणीसाठी. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ प्रमाणे कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला रुजू होताना आणि त्यानंतर दरवर्षी किमान एकदा प्रशिक्षण देण्याची जबाबदारी इस्पितळाची आहे. ते प्रशिक्षण झाले म्हणून तुमच्या खात्यावर कौन्सिलचे पॉइंट जमा होत नाहीत.

हाताने करून दाखवायच्या कौशल्यांचे कोर्स केवळ ऑनलाइन पुरे होत नाहीत. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मिश्र पद्धतीच्या बीएलएसमध्ये वाचन आणि प्रश्न ऑनलाइन असतात. पण पुतळ्यावर दाब देऊन, मास्क धरून प्रशिक्षकासमोर परीक्षा दिल्याशिवाय कार्ड मिळत नाही. ते कार्ड दोन वर्षे चालते आणि असोसिएशनच्या संकेतस्थळावर कार्डाचा कोड टाकून पडताळता येते. ‘पंधरा मिनिटांत ऑनलाइन बीएलएस कार्ड’ विकणारी मंडळी याच नावाशी मिळतीजुळती चिन्हे छापतात. नोकरीच्या ठिकाणी कोड टाकला की काही सापडत नाही.

सरकारी ‘स्वयम्’, सरकारी कर्मचाऱ्यांसाठीचे ‘आयगॉट कर्मयोगी’, जागतिक आरोग्य संघटनेचे मोफत अभ्यासक्रम हे शिकण्यासाठी उत्तम आहेत. अभ्यासक्रम चांगला असणे आणि तुमच्या कौन्सिलने त्याला पॉइंट देणे यांचा आपोआप संबंध नसतो. टप्पा १ मधले उत्तर हाती नसताना तिथले सर्टिफिकेट पॉइंटमध्ये धरू नका.

टप्पा ३: कोर्समागे कोण आहे ते वेगळे काढा

ऑनलाइन कोर्समागे सहसा तीन पक्ष असतात: शिकवणारी संस्था, पॉइंट देणारे कौन्सिल आणि ॲप किंवा संकेतस्थळ चालवणारी कंपनी. जाहिरातीत सर्वांत मोठे नाव कंपनीचे असते, आणि मान्यतेशी तिचा काडीचा संबंध नसू शकतो. कागदावर तीन ओळी आखा आणि तिन्हींत नाव भरा. एकही ओळ रिकामी राहिली तर तिथेच थांबा.

मग संस्थेच्या नावाखाली लिहिलेले दाखले एकेक करून बाजूला काढा. पुढील दाखल्यांपैकी बहुतेक खरे असतात, पण त्यांपैकी कशावरूनही कोर्सला पॉइंट आहेत असे सिद्ध होत नाही.

- आयएसओ ९००१: संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीचे प्रमाणपत्र. शिकवण्याच्या दर्जाशी किंवा कौन्सिलच्या मान्यतेशी त्याचा संबंध नाही.
- उद्यम किंवा एमएसएमई नोंदणी: स्वतः माहिती भरून फुकट मिळते. वडापावच्या गाडीलाही मिळते.
- सोसायटी, ट्रस्ट किंवा सेक्शन ८ कंपनीची नोंदणी: संस्था कायद्याने अस्तित्वात आहे, एवढेच कळते.
- एनजीओ दर्पण क्रमांक: पूर्वी हे पोर्टल नीती आयोगाशी जोडलेले होते, म्हणून ‘नीती आयोग मान्य’ असे छापतात. ती फक्त स्वयंसेवी संस्थांची नोंद आहे.
- ‘डब्ल्यूएचओ मान्य’: जागतिक आरोग्य संघटना खासगी अकॅडमींच्या कोर्सना अशी मान्यता देत नाही. तिचे बोधचिन्ह विनापरवाना वापरणे हीच धोक्याची खूण.

इतके सगळे दाखले असूनही मान्यता पत्राचा क्रमांक कुठेच नसेल तर अर्थ सरळ आहे: दाखवण्यासारखा एकच कागद नव्हता, म्हणून बाकीचे लावले.

संस्थेचा पत्ता, लँडलाइन आणि कार्यक्रमाच्या समन्वयकाचे पद हेही पाहा. वैद्यकीय किंवा नर्सिंग कॉलेज, व्यावसायिक संघटनेची शाखा, मोठे इस्पितळ यांच्या नावाने कोर्स असेल तर त्यांच्याच संकेतस्थळावर किंवा त्यांच्या कार्यालयात त्याची माहिती मिळायला हवी. पोस्टरवरच्या मोबाइलवर फोन करून ‘तुम्ही खरे का’ असे विचारण्यात अर्थ नाही. कॉलेजच्या कार्यालयाचा नंबर स्वतः शोधा आणि तिथे विचारा.

सावधान: संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘ओआरजी’ आहे म्हणून संस्था सरकारी ठरत नाही, ते नाव कुणीही विकत घेऊ शकते. उलट काही कौन्सिलांचे अधिकृत पत्ते ‘गव्ह डॉट इन’ने संपत नाहीत. म्हणून पत्ता तुमच्या नोंदणी प्रमाणपत्रावरून किंवा कौन्सिलच्या छापील पत्रावरून घ्या. शोधयंत्रात वर आलेली पहिली ओळ जाहिरात असू शकते.

टप्पा ४: मान्यतेचे पत्र ओळ न् ओळ वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘आमची संस्था कौन्सिलमान्य आहे’ आणि ‘हा कोर्स कौन्सिलने इतक्या पॉइंटसाठी मंजूर केला आहे’ ही वाक्ये ऐकायला सारखी वाटतात, पण नूतनीकरणाला उपयोगी पडते ते दुसरे. संस्थेला कार्यक्रम घेण्याची परवानगी असली तरी पॉइंट त्या त्या कार्यक्रमाला मिळतात. मागच्या वर्षीच्या परिषदेचे पत्र यंदाच्या वेबिनारला चालत नाही.

पत्राची पूर्ण प्रत मागा. खाली दिलेला मजकूर उचलून तसाच पाठवा:

‘आपल्या ऑनलाइन कोर्सला कोणत्या कौन्सिलने किती पॉइंट मंजूर केले आहेत? मंजुरी पत्राचा क्रमांक, तारीख आणि पत्राची सर्व पाने पाठवावीत. कोर्स पूर्ण झाल्यावर पॉइंट कौन्सिलच्या पोर्टलवर आपण चढवता की मला अर्ज करावा लागतो, आणि त्याला किती दिवस लागतात, हेही कळवावे.’

अस्सल संस्थेकडे या उत्तराची तयारी असते. ‘मॅडम, काळजी करू नका, शेकडो जणींनी केलाय’ असे उत्तर आले तर विषय संपला.

पत्र हाती आल्यावर या क्रमाने वाचा:

१. कोणाला उद्देशून आहे. पैसे घेणाऱ्या संस्थेचे नाव आणि पत्रातले नाव एकच हवे. पत्र एखाद्या कॉलेजला आणि पैसे तिसऱ्याच अकॅडमीला, असे असेल तर त्या दोघांतला संबंध कॉलेजकडून लेखी घ्या.

२. कार्यक्रमाचे शीर्षक. शब्दाला शब्द जुळायला हवा. पत्रात ‘अतिदक्षता विभागातील परिचर्या’ आणि विक्रीला ‘रुग्णालय व्यवस्थापन’ असेल, तर पत्र दुसऱ्याच कोर्सचे आहे.

३. तारखा. कार्यक्रम नेमका कोणत्या दिवसांसाठी मंजूर आहे? रेकॉर्ड केलेल्या कोर्सला मंजुरीची मुदत कधी संपते? कोविडच्या काळात अनेक वेबिनार झाले. त्या काळातली पत्रे तारीख कापून अजून फिरताना दिसतात.

४. माध्यम. पत्रात सभागृहाचे नाव आणि शहर असेल, तर मंजुरी प्रत्यक्ष कार्यक्रमाला आहे. त्याचेच चित्रीकरण नंतर ऑनलाइन विकले तर ते पॉइंट लागू होतात असे गृहीत धरू नका. प्रत्यक्ष सीएमईला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा निरीक्षक उपस्थित असतो. ऑनलाइनसाठी हजेरी कशी मोजणार हे संस्थेने सांगितलेच पाहिजे.

५. पॉइंट कोणाला. व्याख्यात्याचे आणि श्रोत्याचे पॉइंट वेगळे असू शकतात. जाहिरातीत मोठा आकडा टाकलेला असतो, तो श्रोत्याचाच आहे ना ते पाहा.

६. कोणत्या व्यवसायाला. डॉक्टरांच्या कौन्सिलने मंजूर केलेल्या सीएमईत परिचारिका बसल्या तर ज्ञान मिळेल. त्यांच्या कौन्सिलचे पॉइंट आपोआप मिळणार नाहीत.

७. पत्र क्रमांक. तो घेऊन कौन्सिलला ईमेल करा किंवा पोर्टलवर मंजूर कार्यक्रमांची यादी असेल तर त्यात शोधा. हे पाऊल वगळले तर आधीच्या सहा गोष्टी तपासून उपयोग नाही, कारण पीडीएफ बदलायला पाच मिनिटे पुरतात.

तपासणी: पत्राची अक्षरे नीट न्याहाळा. तारीख किंवा पॉइंटचा आकडा बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित जाड, वेगळ्या वळणाचा किंवा ओळीच्या थोडा वर-खाली असेल, तर तिथे खाडाखोड झाली असू शकते. सही-शिक्क्याभोवती पांढरा चौकोन दिसला तर तो दुसरीकडून कापून चिकटवलेला असू शकतो.

टप्पा ५: मजकूर ताजा आहे का

पॉइंट खरे असले तरी कोर्स टाकाऊ असू शकतो. नमुना धडा मागा आणि तुम्हाला पक्की माहीत असलेली एखादी बाब त्यात कशी दिली आहे ते पाहा. विषयानुसार काही झटपट कसोट्या:

- सीपीआर: प्रौढ व्यक्तीला मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंमी, ३० दाबांनंतर २ श्वास. ‘किमान १००’ एवढेच लिहून वरची मर्यादा दिली नसेल तर धडा दहा वर्षांहून जुना.
- क्षयरोग: कार्यक्रमाचे नाव ‘आरएनटीसीपी’ दिले असेल तर मजकूर २०२० च्या आधीचा, तेव्हा ते बदलून राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम झाले. बहुऔषधरोधी क्षयावर सहा महिन्यांच्या बीपाम (BPaLM) उपचाराला केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्याचा उल्लेख नसेल तर कोर्स मागे पडला आहे.
- कचरा: पिवळा, लाल, पांढरा, निळा असे चार वर्ग २०१६ च्या नियमांतले. जैववैद्यकीय कचऱ्याच्या वर्गीकरणात काळी पिशवी दाखवली असेल तर शिकवणारे अजून १९९८ च्या नियमांत आहेत.
- हात स्वच्छ करणे: हँडरबने (हाताला चोळायच्या अल्कोहोलच्या द्रवाने) २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद.

मग वेळेचा हिशेब करा. सगळ्या व्हिडिओंची लांबी, वाचन आणि परीक्षेचा वेळ मिळून बेरीज किती होते? सहा तासांचे पॉइंट आणि व्हिडिओ मिळून दोन तासांचेही नाहीत, असे असेल तर कौन्सिलने हा कोर्स नीट पाहिला असण्याची शक्यता कमी. व्हिडिओ पुढे ओढता येतो का, परीक्षेत चुकलेल्या प्रश्नाचे उत्तर लगेच दाखवून तोच प्रश्न पुन्हा देतात का, कितीही वेळा प्रयत्न चालतो का, हेही पाहा. अशा कोर्सचे सर्टिफिकेट मिळवणे सोपे असते. तपासणीत ते आधी बाजूला पडते.

शिकवणाऱ्यांची नावे, पदवी आणि सध्याचे काम लिहिलेले हवे. ‘तज्ज्ञ मंडळ’ एवढेच लिहिलेले नको.

कोर्स फुकट असेल तर खर्च कोण करतो ते विचारा. औषध कंपनीने खर्च करणे म्हणजे फसवणूक नव्हे, पण तसे उघड सांगितलेले असावे. औषध कंपन्यांच्या विपणनाची केंद्राची २०२४ ची आचारसंहिता सीएमईतला त्यांचा सहभाग वैद्यकीय महाविद्यालये, इस्पितळे, व्यावसायिक संघटना अशा संस्थांमार्फत ठेवायला सांगते. अर्ध्या धड्यानंतर एकाच ब्रँडचे नाव वारंवार येऊ लागले तर तो कोर्स म्हणून नव्हे, जाहिरात म्हणून ऐका.

टप्पा ६: पैसे आणि कागदपत्रे

फी संस्थेच्या नावावरील बँक खात्यातच भरा. यूपीआयने भरताना पिन टाकण्याआधी स्क्रीनवर बँकेतले नाव दिसते. तिथे कुणा व्यक्तीचे नाव आले तर मागे फिरा.

पावतीवर जीएसटी क्रमांक असेल तर तो बरेच सांगून जातो. एकूण १५ अक्षरे-अंक. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढची दहा म्हणजे पॅन. संपूर्ण क्रमांकातले सहावे अक्षर ‘पी’ असेल तर मालक एक व्यक्ती आहे, ‘सी’ असेल तर कंपनी, ‘टी’ असेल तर ट्रस्ट. ‘राष्ट्रीय’ नाव लावणारी संस्था एकट्या माणसाच्या पॅनवर चालते, हे इथेच कळते. जीएसटीच्या पोर्टलवर हा क्रमांक टाकून नोंदलेले नाव फुकट पाहता येते. क्रमांक नसणे मात्र गुन्हा नाही. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्यांना साधारणपणे नोंदणी लागत नाही.

कागदपत्रांत फक्त नोंदणी क्रमांक, नाव, मोबाइल आणि ईमेल पुरतात. आधार मागितले तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्या. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत द्यावीच लागली, तर तिच्यावर आडवे लिहा: ‘केवळ अमुक कोर्सच्या नावनोंदणीसाठी’ आणि तारीख. कोरी, स्वच्छ प्रत हाती पडली की तिच्यावरून बनावट नोंदणी तयार करणे सोपे जाते. कौन्सिलच्या पोर्टलचा पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही द्यायचा नाही, ‘पॉइंट आम्हीच चढवून देतो’ म्हणणाऱ्यालाही नाही.

सावधान: ‘कोर्स न करता थेट पॉइंट’ हा सौदा झाला तर तुम्ही ग्राहक उरत नाही, खोट्या कागदाचे भागीदार होता. पुढे नोंदणीवरच प्रश्न येतो.

टप्पा ७: आधी एक छोटा कोर्स, मग बाकीचे

पाच वर्षांचे पॅकेज एकदम घेऊ नका. सर्वांत कमी पॉइंटचा एक कोर्स करा, नोंद झाल्याचे पोर्टलवर पाहा, मगच पुढे जा. मेट्रन किंवा इन-सर्व्हिस समन्वयक चाळीस जणींसाठी एकदम घेणार असतील तर आधी दोघींवर हे करून पाहावे. चाळिसांच्या पॉइंटची भांडणे कुणालाच परवडत नाहीत.

लाइव्ह वेबिनारमध्ये हजेरी यंत्र मोजते, माणूस नाही. म्हणून:

- लॉगिन नावाच्या जागी पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक टाका. हजेरीच्या यादीत ‘रेडमी नोट’ आणि ‘आईचा फोन’ अशी नावे आली की ती वगळली जातात.
- एका फोनवर दोघी बसल्या तर हजेरी एकीचीच लागते.
- मध्ये येणारे प्रश्न आणि शेवटची परीक्षा सोडू नका. ड्यूटीवर असताना फोन खिशात ठेवून लॉगिन चालू ठेवणाऱ्यांचे पॉइंट बहुधा इथेच जातात.
- नेट तुटले तर पुन्हा त्याच नावाने आत या आणि तुटल्याची वेळ चॅटमध्ये लिहा.
- सुरुवात, मध्य आणि शेवट असे तीन स्क्रीनशॉट ठेवा, घड्याळ दिसेल असे.

टप्पा ८: सर्टिफिकेट आणि नोंद

सर्टिफिकेट आल्यावर त्याच दिवशी तपासा: नाव, नोंदणी क्रमांक, शीर्षक, तारीख, तास, पॉइंट, मंजुरी पत्राचा क्रमांक. क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा आणि पत्ता वाचा. तो संस्थेच्या किंवा कौन्सिलच्या संकेतस्थळावरील नोंदीवर जायला हवा. गूगल ड्राइव्हवर ठेवलेल्या त्याच सर्टिफिकेटच्या फोटोवर जाणारा कोड काहीच सिद्ध करत नाही.

फाइलचे नाव वर्ष, महिना, विषय आणि पॉइंट या क्रमाने ठेवा आणि एक प्रत स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. फोन हरवतो, ईमेल शोधता येतो.

संस्थेने सांगितलेली मुदत संपली आणि पोर्टलवर नोंद नाही, तर या क्रमाने जा. आधी संस्थेला ईमेल: सर्टिफिकेट, पावती आणि मंजुरी पत्राचा क्रमांक जोडून, सात दिवसांची मुदत देऊन. मग कौन्सिलला लेखी अर्ज, सोबत तोच ईमेल आणि हजेरीचे स्क्रीनशॉट. कौन्सिलने ‘असा कार्यक्रम आम्ही मंजूर केला नव्हता’ असे कळवले तर ते उत्तर जपून ठेवा. फी परत मागताना तोच तुमचा मुख्य पुरावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. पैसे घेऊन नंबर बंद झाला असेल तर ग्राहक तक्रारीची वाट पाहू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर फोन करा. पैसे दुसऱ्या खात्यात वळण्याआधी कळवले तर ते गोठवले जाण्याची शक्यता जास्त असते.

परदेशी जाणाऱ्या परिचारिकांसाठी

ब्रिटनच्या नोंदणीत दर तीन वर्षांनी ३५ तास सीपीडी (निरंतर व्यावसायिक विकास) लागते आणि त्यांतले २० तास इतरांसोबत सहभाग घेऊन केलेले असावे लागतात. एकट्याने व्हिडिओ पाहिलेले तास त्या २० मध्ये बसत नाहीत. तिथली नियामक संस्था ठरावीक कोर्सना मान्यता देत नाही. कोर्स तुमच्या कामाशी कसा निगडित होता हे तुम्हीच लिहून दाखवायचे असते. त्यामुळे ‘यूके सीपीडी मान्यताप्राप्त’ असा शिक्का असलेल्या कोर्ससाठी जादा पैसे मोजण्याआधी तो शिक्का कोणत्या खासगी कंपनीचा आहे ते पाहा. आखाती देशांत मात्र कोणत्या कार्यक्रमांचे गुण धरायचे हे तिथली नियामक संस्था ठरवते, आणि दुबई, अबुधाबी व सौदी यांची प्राधिकरणे वेगळी आहेत. एका ठिकाणचे गुण दुसरीकडे चालतील का, हे नोकरीचा करार होण्याआधी त्या प्राधिकरणाला ईमेल करून विचारा आणि उत्तर फाइलला लावा.